रेडिओ गेला, आता काय?

मंडळी, या विकांताचा विषय अक्षरशः हवेतला आहे :-)

छोटं खाजगी विमान उडवताना रेडिओ बंद पडला तर काय होतं? हा प्रश्न मी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर चार-पाच जणांना विचारला. "संपलं सगळं!" हे उत्तर सगळ्यात जास्त वेळा आलं. सिनेमाचा परिणाम, दुसरं काय! सिनेमात रेडिओची खरखर थांबली की पार्श्वसंगीत सुरू होतं आणि हिरो घामाघूम होतो. प्रत्यक्षात विमानाला रेडिओशी काही देणंघेणं नसतं. ते पंखांवर उडतं. वैमानिकाला पहिल्या दिवसापासून शिकवतात ते असं: आधी विमान सांभाळ, मग कुठे आहेस ते बघ, आणि मग बोल. बोलणं तिसऱ्या नंबरावर.

आता आमच्याच भागातलं उदाहरण घेऊ. हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही, जवळचा म्हणजे नांदेडचा. समजा तुम्ही चार आसनी सेसना घेऊन स्वच्छ दिवसा हिंगोलीवरून नांदेडला निघालात आणि अल्टरनेटर गेला. थोड्या वेळाने बॅटरी उतरली, रेडिओ गप्प. इंजिन मात्र चालूच! कारण अशा विमानांच्या पिस्टन इंजिनात ठिणगी पाडायला मॅग्नेटो असतात. ते इंजिनाबरोबर फिरून स्वतःची वीज स्वतः तयार करतात, आणि तेही एक नाही तर दोन. उंची आणि वेग दाखवणारी साधी उपकरणं हवेच्या दाबावर चालतात, होकायंत्राला वीज लागत नाही. आमच्या धंद्यात ज्याला 'एक मॉड्यूल पडलं तरी बाकीची उभी राहिली पाहिजेत' म्हणतात, ते या लोकांनी संगणकाच्या कितीतरी आधी करून ठेवलंय.

रस्ता कसा शोधणार? खाली बघायचं. उजवीकडे लांबवर सिद्धेश्वर धरणाचं पाणी, डावीकडे इसापूर. अकोला-पूर्णा रेल्वेलाइन धरून दक्षिणेला निघायचं, वसमत मागे टाकायचं, पूर्णा जंक्शनला डावीकडे वळायचं आणि रूळ धरून पुढे जायचं. उजव्या हाताला गोदावरी, पुढ्यात नांदेड. यष्टीचा ड्रायव्हर सांगेल तितकं सोपं.

आता उतरायचं. त्याआधी वैमानिक जे करतो ते आपण सगळेच करतो, आवाजाचं बटण आणि हेडसेटची पिन तपासतो. (हसू नका, लॅपटॉपचा आवाज येत नाही म्हणून तक्रार टाकणारे महाभाग तुमच्याही ऑफिसात असतील.) तरी जमलं नाही आणि वीज शिल्लक असेल तर ट्रान्सपाँडर नावाच्या यंत्रावर ७६०० हा आकडा लावायचा. जगात कुठेही रडारसमोर बसलेल्या माणसाला तो दिसला की एकच अर्थ: याचा रेडिओ गेलाय. वीजच नसेल तर तेही नाही. मग विमानतळाजवळ यायचं, वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी नळी बघायची, बाकीची विमानं कुठून उतरतायत ते बघायचं आणि टॉवरवर नजर ठेवायची. टॉवरमधून एक माणूस हातातल्या दिव्याचा झोत तुमच्यावर धरतो. स्थिर हिरवा म्हणजे उतर. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा. लुकलुकणारा लाल म्हणजे इथे उतरणं धोक्याचं आहे, उतरू नको. लुकलुकणारा हिरवा म्हणजे उतरायला परत ये, पुढची खूण नंतर मिळेल. तुम्ही पंख डावी-उजवीकडे हलवायचे, म्हणजे त्याला कळतं की निरोप पोचला. झालं. एक शब्द न बोलता विमान जमिनीवर.

तसं बघितलं तर भारतातल्या नागरी विमानसेवेची सुरुवातच बिनारेडिओची आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हताच. याच जुहूची दुसरी गंमत बघा. १५ जुलै १९५३ ला बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तेच केलं आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. सुदैवाने दोन्ही वेळा कोणी दगावलं नाही. पण या दोन्ही विमानांत रेडिओ होता! म्हणजे यंत्र असणं वेगळं, आणि दोन्ही टोकांच्या माणसांच्या डोक्यात एकच चित्र असणं वेगळं.

माझा मुद्दा आता येतो. रेडिओ गेलेलं विमान सुखरूप उतरतं त्याचं श्रेय एकट्या वैमानिकाच्या धाडसाला नाही. टॉवरमधल्या माणसाला आधीच माहीत असतं की हा आता काय करेल. ढगात सापडलेल्या विमानासाठीसुद्धा आंतरराष्ट्रीय नियम आहे: जिथे रडार नाही तिथे शेवटची ठरलेली उंची आणि वेग २० मिनिटं तसाच ठेवायचा, मग कागदावर दिलेल्या बेताप्रमाणे जायचं. त्यामुळे खालचा माणूस न बोलताही बाकीची विमानं बाजूला ठेवू शकतो. शांततेचा अर्थ आधीच ठरलेला आहे. आणि आपण? आपण सगळा भार एका फोनवर टाकलाय, तो लागला नाही तर काय, हे कुठेच ठरलेलं नाही.

१० जुलै २०२४ ची सकाळ. सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाला, ४.५ तीव्रतेचा. त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास दोन धक्के बसून गेले होते, पहिला ४.५ चाच. आकडा लहान आहे, मान्य. पण ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी ज्या मराठवाड्याने पाहिलंय तिथे भूकंप हा शब्द लहान नसतो. मी पुण्यात, आई-बाबा वसमतला. फोन लागेना. मी लावतोय, बहीण लावतेय, नांदेडची आत्या लावतेय, मामा लावतोय... एकाच नंबरावर आम्ही सात-आठ जण तुटून पडलेलो, आणि बाबा तिकडून आम्हाला लावतायत. सगळ्यांनाच एंगेज! शेवटी बाबांचा आवाज आला, "अरे, घर हललं अन् थांबलं. तू कशाला एवढा घाबरायलास?"

त्या रविवारी मी घरी एक कागद बनवला. नियम चार. एक, काही झालं तर पहिला निरोप आई-बाबांकडून येणार, साधा एसेमेस, एकच शब्द: 'ठीक'. कॉल नाही, कारण गर्दीच्या नेटवर्कमध्ये छोटा एसेमेस वाट काढतो, कॉल अडकतो. दोन, तो एकट्या आत्याला जाणार आणि बाकीच्यांनी आत्याला विचारायचं. तीन, घराबाहेर पडून भेटायची जागा ठरलेली. चार, दोन तासांत निरोप आला नाही तर आत्येभाऊ नांदेडहून गाडी काढणार, कोणी न सांगता. बाबा म्हणाले, "आम्ही काय विमान चालवतो का?" पण कागद फ्रीजवर लागलाय, आणि आईने त्यात गॅस बंद करायचा पाचवा नियम स्वतःहून घातलाय :-)

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे "दोन सिम घे की!" घ्या, जरूर घ्या. पण वीज गेली आणि टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या की दोन्ही सिम एकदमच जातात. दुसरं यंत्र उपयोगी आहेच, पण पहिलं आणि दुसरं दोन्ही गेल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. विमानात चांगले दोन-दोन रेडिओ असतात, तरीही टॉवरमध्ये तो दिवा ठेवलेला असतो. दुसरा आक्षेप जरा खरा आहे: असे कागद बनतात आणि विसरले जातात. बरोबर. म्हणून तर वैमानिकाकडून हे पाठ करून घेतात. आपणही वर्षातून एकदा, दिवाळीला सगळे जमतात तेव्हा, दहा मिनिटं काढायला काय हरकत आहे? सर्व्हर पडला तर कोणी कोणाला उठवायचं याची आपल्या ऑफिसात वीस पानी फाइल असते, आणि घरच्यांसाठी अर्धा कागद नसतो, हे काही मला पटत नाही.

असो. गावाकडे आई-वडील आणि शहरात आपण, अशी आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती आहे. या विकांताला घरी फोन कराल तेव्हा जेवलात का विचारून झालं की एवढं विचारा: "फोन लागला नाही तर आपलं काय ठरलंय?" उत्तर 'काहीच नाही' असेल तर त्याच फोनवर ठरवून टाका. आणि तुमच्या घरात आधीपासून असं काही ठरलेलं असेल तर खाली जरूर लिहा, आमच्या फ्रीजवर अजून जागा आहे.