रोबोट जमवू द्या, बटन सेल सांभाळा

गाडीचा रोबोट होणारी खेळणी जमवणाऱ्या मुलाला ‘वेड लागलंय’ असे म्हणू नका. जपानी खेळण्यांच्या साच्यांवरून १९८४ मध्ये अमेरिकेत ‘ट्रान्सफॉर्मर्स’ आले. त्यातली स्टारस्क्रीम, स्कायवार्प आणि थंडरक्रॅकर ही विमाने एकाच साच्यातली. फरक मुख्यतः रंगाचा. असे बारकावे ओळखून संग्रह मांडणे हा छंद आहे, आजार नाही. झोप, जेवण, अभ्यास बिघडू लागला तर मात्र मुलाशी बोला.

माझी काळजी वेगळी आहे. इथे जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये दादाचे रोबोट आणि रांगणारे धाकटे भावंड एकाच खोलीत असतात. दिवे लागणाऱ्या रोबोटमध्ये बटन सेल असू शकतो. तो गिळून अन्ननलिकेत अडकला, तर २ तासांतही आत गंभीर जखम होऊ शकते. शंका आली तरी उलटी करवू नका, त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. लगेच एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

खेळणे घेताना आयएसआय खूण पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ती बंधनकारक आहे. सेलचे झाकण स्क्रूने बंद होते का, तेही तपासा. आणि संग्रह ठेवा, पण उंच फळीवर.