खाणीची धूळ आपल्याला, खनिज निधी कोणाला?

मंडळी, मुकुटबन परिसरातून कोळसा जातो, चुनखडी जाते, डोलोमाइट जातो. त्यावर सरकार रॉयल्टी घेते हे सगळ्यांना माहीत आहे. पण रॉयल्टीच्या वर आणखी एक रक्कम खाणवाल्याला भरावी लागते, ती किती जणांना माहीत आहे? जुन्या लीजवर रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातल्या लीजवर 10 टक्के. हा पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होतो. 2015 च्या खनिज कायदा दुरुस्तीत त्याचा उद्देश स्पष्ट आहे : खाणबाधित माणसं आणि खाणबाधित भाग यांचं हित. म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नाही.

तेव्हा प्रतिष्ठानाची रचना आणि काम ठरवायचा अधिकार राज्याकडे होता. 2021 च्या दुरुस्तीने निधी कसा वापरायचा याचे निर्देश द्यायचा अधिकार केंद्राने घेतला. खासदार-आमदारांना नियामक परिषदेवर घेतलं. हा पैसा राज्याच्या तिजोरीत वळवायचा नाही, राज्य पातळीवरून खर्च मंजूर करायचा नाही, असंही बजावलं. हे चांगलंच झालं.

खरी मेख 2024 च्या नियमांत आहे. किमान 70 टक्के खर्च पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर करायचा, हे बरोबर. पण खाणीपासून 15 किलोमीटरपर्यंतचं गाव 'प्रत्यक्ष बाधित' आणि 25 पर्यंतचं 'अप्रत्यक्ष बाधित'. आता सांगा, ज्याच्या कपाशीवर रोज धूळ बसते तो आणि 14 किलोमीटरवरचा, दोघं एकाच रांगेत! अशा रांगेत ज्याचा नेता वजनदार, त्याचं काम आधी. कोलाम पोडावरच्या माणसाला कोण विचारणार?

यावर उपाय नियमांतच आहे. बाधित गावांची यादी, बैठकांचं इतिवृत्त, मंजूर कामं हे सगळं प्रतिष्ठानाने वेबसाइटवर टाकायचं आहे. पेसा गावांत तर आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपलं गाव कोणत्या यादीत आहे? आजवर आपल्या गावात किती रुपयांची कामं झाली? पुढच्या आराखड्यात आपलं काय आहे? उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या. नुसत्या तोंडी उत्तरावर उठू नका.

अधिकार मुंबईत राहो की दिल्लीत, धूळ मुकुटबनलाच बसते. मागायचंही इथूनच लागेल.