उरलेल्या पैशांचा हिशेब

मोबाइलवर येणारे आवाहन आता सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहे: नाकात नळी घातलेले मूल, पदराने डोळे टिपणारी आई, खाली हॉस्पिटलचे एस्टिमेट आणि अजून किती लाख कमी पडतात तो आकडा. हजार रुपये द्यायला गेलेल्याला काही मंचांवर टिपची रक्कम आधीच भरलेली दिसते, किंवा घाईत दिसतच नाही. मंच चालवायला पैसा लागतो हे कुणालाही समजते. तो उघड मागावा. मला त्याहून खटकते ते पुढचे. देणगी देताच आभाराचा मेसेज येतो, काही दिवसांनी दुसऱ्या मुलाचा फोटो येतो, आणि पहिल्याच्या पैशांचे काय झाले ते कळतच नाही. उपचारांसाठी निधी उभारणाऱ्यांची विश्वासार्हता या एका गोष्टीवरून जोखावी, असे माझे म्हणणे आहे.

एस्टिमेट हा शेवटी अंदाजच. पंचवीस लाखांचे आवाहन सुरू असताना मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून मदत मंजूर होते, एखादी शस्त्रक्रिया महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसते, हॉस्पिटल बिलात सूट देते. कधी उपचार पुरे होण्याआधीच रुग्ण दगावतो. मग उरलेली रक्कम कुणाची? सार्वजनिक न्यासांपुरता हा प्रश्न आपल्या कायद्याने 1950 मध्येच विचारात घेतला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 55 नुसार मूळ हेतू पार पाडणे शक्य नसेल, तर तो पैसा कुठे वळवायचा याचा निर्देश न्यायालयाकडून घेता येतो. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणानेही लोकवर्गणीची वाट आखून दिली: पैसा उपचार केंद्राने आधी उपचारांवर खर्चावा, उरला तर तो संशोधनालाही वापरता येईल. धोरण अपुरे असेल, पण उरलेल्या पैशांची सोय त्यात आधीच सांगितलेली आहे. खासगी आवाहनांत ती अटींच्या बारीक अक्षरांत दडलेली असते.

यावर देणारे म्हणतात, हिशेब कशाला, पै न् पै रुग्णालाच मिळेल एवढे बघा. ही कसोटी फसवी आहे. अमेरिकेत 2015 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि सर्व 50 राज्यांनी कर्करोगाच्या नावाने चालणाऱ्या चार संस्थांवर खटला भरला. 2008 ते 2012 दरम्यान त्यांनी 18 कोटी 70 लाख डॉलर जमवले आणि त्यातला बहुतांश पैसा चालक, त्यांचे सगेसोयरे व निधी गोळा करणारे ठेकेदार यांच्याकडे गेला, असा आरोप होता. शिवाय वस्तुरूप देणग्यांचे आकडे फुगवून प्रशासकीय खर्च कमी दाखवल्याचाही. म्हणजे ज्या टक्केवारीवर देणारे विसंबतात, तीच हवी तशी वळवता येते. उलट कागदपत्रे तपासणारा, हॉस्पिटलशी बोलून बिल पडताळणारा माणूस पगाराशिवाय कसा मिळणार? तो खर्च लपवायला लावणारा देणगीदारही या दुखण्यात वाटेकरी आहेच.

आणखी एक आक्षेप: मूल आयसीयूत असताना आईबापांनी पावत्या सांभाळायच्या का? मुळीच नाही. ते काम टिप घेणाऱ्याचे. पैसा थेट हॉस्पिटलच्या खात्यात गेला तर बिल तिथूनच मिळते. रुग्णाच्या खासगीपणाची सबबही टिकत नाही. 2023 मध्ये जाहिरात मानक परिषदेने (एएससीआय) देणगीच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. यातनांची, विशेषतः मुलांची, भडक चित्रे दाखवून त्यांची प्रतिष्ठा घालवू नये, असे त्यांत आहे. पैसे मागताना मुलाचा चेहरा गावभर फिरवायचा आणि हिशेबाच्या वेळी गोपनीयता आठवायची, हे विपरीत आहे. खरे तर हिशेबाला ना चेहरा लागतो, ना आजाराचे नाव. जमा किती, हॉस्पिटलला किती, मंचाला किती, उरले किती आणि ते कुठे गेले, एवढे प्रत्येक देणाऱ्याला एका मेसेजमध्ये कळवता येईल. आभाराचा मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणेला एवढे जमायला हरकत नसावी.