पाऊस विकत घेण्याआधी

'द सिम्स ४' फुकट डाउनलोड केला की दोन-तीन आठवडे मजेत जातात. घर बांधून होतं, सिमला नोकरी लागते, स्वयंपाक करताना एकदा ओट्याला आग लागून जाते. मग कधीतरी लक्षात येतं की या गावात पाऊसच पडत नाही. पाऊस नाही, थंडी नाही, पाळायला कुत्रं नाही, सिमला धाडायला कॉलेज नाही. नेमकी तेव्हाच स्क्रीनवर सेलची पट्टी झळकते. पाऊस हवाय? विकत घ्या. कुत्रं? तेही घ्या.

परीक्षा संपल्या की तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं बोट या पट्टीकडे वळणार, हे आम्हाला माहीत आहे. गेम खेळू नका असा उपदेश करायला हे लिहिलेलं नाही. बिनधास्त खेळा. पण पॉकेटमनीतून पॅक घेणार असाल, तर दुकानदाराचा हिशेब आधी समजून घ्या.

सिम्स ४ सप्टेंबर २०१४ मध्ये आला तेव्हा तो पैसे देऊन घ्यावा लागायचा. १८ ऑक्टोबर २०२२ पासून मूळ गेम फुकट झाला. कमाई आता पॅकवर आहे. मोठा एक्स्पान्शन पॅक ४० डॉलरचा, गेम पॅक २०चा, स्टफ पॅक १०चा आणि किट ५चं. २०२५ संपेपर्यंत नुसते एक्स्पान्शन पॅकच २० झाले होते. म्हणजे छापील किमतीने ८०० डॉलर, आणि त्यात बाकीचे छोटे पॅक धरलेलेच नाहीत. एवढ्यात एक बरा लॅपटॉप येतो.

ही पद्धत नवी नाही. पहिला सिम्स २००० साली आला आणि 'लिव्हिन लार्ज' हा त्याचा पहिला पॅक त्याच वर्षी. सिम्स २ ला ऋतू २००७ मध्ये मिळाले, सिम्स ३ ला २०१२ मध्ये आणि सिम्स ४ ला २०१८ मध्ये. कॉलेजचंही तेच: २००५, २०१३, २०१९. दर नव्या गेमसाठी सगळं नव्याने बनवावं लागतं, त्यामुळे याला सरळ फसवणूक म्हणता येत नाही. पण प्राण्यांचं काय केलं ते बघा. सिम्स ३ च्या 'पेट्स'मध्ये कुत्री, मांजरं आणि घोडे एकाच पॅकमध्ये होते. सिम्स ४ मध्ये कुत्री-मांजरं 'कॅट्स अँड डॉग्ज'मध्ये, गाई-कोंबड्या 'कॉटेज लिव्हिंग'मध्ये, घोडे 'हॉर्स रँच'मध्ये. शिवाय २०१८ मध्ये 'माय फर्स्ट पेट स्टफ' नावाचा एक पॅक आला. त्यातले कुत्र्या-मांजरांचे कपडे वापरायचे, तर 'कॅट्स अँड डॉग्ज' आधीच घेतलेला हवा! पॅकसाठी पॅक. खेळणारे तेव्हा जाम भडकले होते, आणि आमच्या मते ते बरोबरच होतं.

म्हणून कुठलाही पॅक बघताना एकच प्रश्न विचारा. हा पॅक माझ्या सिमच्या रोजच्या दिवसात काय बदलणार? ट्रेलर बघून हे कळत नाही, कारण ट्रेलरमध्ये सगळेच सारखे नाचत असतात.

या कसोटीवर 'सीझन्स' सगळ्यात आधी उतरतो. तो घेतला की तुमच्या प्रत्येक गावात, प्रत्येक कुटुंबात तो रोज दिसतो. पाऊस, बर्फ, वीज, उन्हाळा. कडाक्याच्या थंडीत पातळ कपड्यात बाहेर थांबलेला सिम मरूसुद्धा शकतो. आणि त्यातला सगळ्यात छान भाग म्हणजे कॅलेंडर. सण स्वतः तयार करता येतो: नाव तुमचं, तारीख तुमची, ऑफिसला सुट्टी द्यायची की नाही तेही तुम्हीच ठरवायचं आणि परंपरा यादीतून निवडायच्या. दिवाळी टाका, गौरी-गणपती टाका. उकडीच्या मोदकांची सोय कंपनीने केलेली नाही, तेवढं चालवून घ्या. एकच पॅक घ्यायचा असेल तर आमचं मत याला.

याच्या दुसऱ्या टोकाला 'जर्नी टू बाटू'. स्टार वॉर्सच्या ग्रहावर सिमला सुट्टीपुरतं जाता येतं, तिथे घर करता येत नाही. स्टार वॉर्सचे वेडे असाल तर गोष्ट वेगळी. नाहीतर दोन-तीन फेऱ्या होतात आणि मग ते पैसे तिथेच धूळ खात पडतात.

मधले पॅक तुमच्या खेळण्यावर अवलंबून आहेत. पिढ्यान् पिढ्या एकच घराणं चालवणारे असाल तर 'ग्रोइंग टुगेदर' बघा. घरातल्या दोन माणसांचं नातं कसं आहे, जवळचं, अवघडलेलं की कडक शिस्तीचं, हे त्यात ठरतं आणि पुढे त्याचे परिणाम दिसतात. इथे एक खाचखळगा आहे. हा पॅक मार्च २०२३ मध्ये आला, त्याच महिन्यात तान्ही बाळं मूळ गेममध्ये सगळ्यांना फुकट मिळाली. दोन्हींची जाहिरात एकत्र झाल्यामुळे बाळांसाठीच पॅक घ्यावा लागतो असा समज सहज होतो. रांगती-चालती मुलं २०१७ मध्ये फुकट आली, स्विमिंग पूल तर २०१४ मध्येच. पॅक घेण्याआधी हवी ती गोष्ट फुकट अपडेटमध्ये येऊन गेली नाही ना, हे बघा.

घरं बांधण्यात रमणाऱ्यांसाठी 'फॉर रेंट'. एकाच जागेवर सहापर्यंत बिऱ्हाडं, सामाईक जागा, घरमालक-भाडेकरूंची भांडणं आणि शेजाऱ्यांचं बोलणं चोरून ऐकायची सोय. थोडक्यात, चाळ! कल्पना झकास आहे, पण हा पॅक आल्यावर सेव्ह फाइल बिघडल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. 'माय वेडिंग स्टोरीज'मध्येही लग्न सुरू व्हायचं आणि पाहुणे भलतीकडेच फिरत बसायचे. वर्षभर जपलेलं घराणं एका पॅकपायी गमवायचं नसेल तर नवा पॅक पहिल्या दिवशी घेऊ नका. दोन-तीन महिने थांबलात तर दुरुस्त्याही होतात आणि बहुतेक वेळा सेलही लागतो. सेल संपतोय म्हणून घाई करू नका. तो परत येतो.

'डिस्कव्हर युनिव्हर्सिटी'बद्दल आम्ही जरा साशंक आहोत. सिमला हॉस्टेल, टर्म पेपर, प्रेझेंटेशन, स्कॉलरशिपचे अर्ज आणि शैक्षणिक कर्ज. दिवसभर सबमिशनच्या रांगेत उभं राहून रात्री पुन्हा सिमचं सबमिशन करायची हौस असेल तर जरूर घ्या. पास होऊन दोन वर्षं झाल्यावर घेतलात तर जास्त आवडेल, असं आपलं आम्हाला वाटतं.

बहुतेक किटमध्ये फक्त वस्तू किंवा कपडे असतात, खेळात काही नवं घडत नाही. तरी एका किटचा उल्लेख करायलाच हवा. २०२१ मध्ये आलेलं 'फॅशन स्ट्रीट' किट मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बनवलेलं आहे. आपल्या गल्लीतले कपडे सिमच्या अंगावर बघायला गंमत वाटते. पण पाच डॉलरमध्ये खऱ्या फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून काय काय येईल, हा हिशेब तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला जमतो.

घ्यायचं ठरलंच तर गेम कुठे खेळता ते आधी बघा. प्लेस्टेशनवर घेतलेला पॅक लॅपटॉपवर चालत नाही, आणि ईएच्या ॲपवर घेतलेला स्टीमवरच्या गेममध्ये येत नाही. स्टीमवर घेतलात तर १४ दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात, पण पॅक घेतल्यापासून गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असायला हवा. सिम्समध्ये दोन तास म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. नुसता सिमचा चेहरा बनवण्यातच तेवढे जातात, म्हणून पॅक घेतल्या दिवशी जुनंच कुटुंब उघडा आणि थेट नव्या गोष्टीकडे जा.