शेवटचा भाग मुलांपासून लपवू नका

‘हॅरी पॉटर’चा सातवा आणि शेवटचा भाग फार काळोखा आहे, तो मुलांच्या हाती देऊ नये, असे मत गेल्या अंकातील पत्रात वाचले. ते पटले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

या भागात मृत्यू पुष्कळ आहेत, हे खरे. पण जे. के. रोलिंग ते कसे मांडतात, तेही पाहायला हवे. जिवलग मित्र डॉबी जातो तेव्हा हॅरी जादूने खड्डा करत नाही. हातात फावडे घेऊन, घाम गाळत स्वतः खणतो. जिवलगाचे ऋण कसे फेडावे, हे मुलांना याहून सोपे करून कोण सांगणार?

शेवट ओढूनताणून आणला आहे, हा आक्षेपही टिकत नाही. १९९७च्या पहिल्या भागात हॅरीच्या तोंडात सापडलेला स्निच हा खेळातला सोनेरी चेंडू २००७च्या शेवटच्या भागात त्याच्या ओठांशीच उघडतो. हरवलेला बेडूक शोधत फिरणारा भित्रा वर्गमित्र नेव्हिल अखेर तलवारीने खलनायक व्होल्डेमॉर्टची नागीण मारतो. आणि जगातली सर्वांत बलवान छडी हाती आली असताना हॅरी तिने फक्त आपली मोडकी जुनी छडी सांधतो.

हा भाग मी मुलीला रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवला. डॉबीच्या प्रकरणाला आम्ही दोघीही रडलो. दुसऱ्या रात्री पुस्तक तिनेच आणून दिले.

पालकांना विनंती एवढीच : पुस्तक लपवू नका, मुलांशेजारी बसून वाचा.

– एक वाचक, सांगली