छेदात उंदीर

हातचा एक / त्रैराशिक

छेदाबद्दल वर्षभर एक अक्षर लिहिणार नाही, असं एक्झिट पोलच्या लेखानंतर मी याच जागी कबूल केलं होतं. दोन वाचकांनी आभाराची पत्रंही पाठवली. क्षमस्व. शनिवारी एका महाविद्यालयात ‘महामारी आणि गणित’ या विषयावरच्या व्याख्यानाला जाऊन बसलो आणि व्रत मोडलं.

वक्ते तरुण, तयारीचे. पडद्यावर आलेख आला. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर मुंबईत प्लेगने गेलेली माणसं. ठिपके, आणि त्या ठिपक्यांवरून घंटेच्या आकाराची गुळगुळीत रेघ. ‘बघा, १२० वर्षांपूर्वीची मुंबई कशी सूत्रात बसली! जिवाणू असो की विषाणू, गणिताच्या तावडीतून सुटत नाही.’ टाळ्या पडल्या. मी हात वर केला आणि विचारलं, ‘या रेघेखाली एकूण माणसं किती? आणि कितीपैकी?’ ते म्हणाले, ‘छान प्रश्न आहे.’ वक्ता असं म्हणाला की उत्तर चहानंतर मिळतं, आणि चहानंतर वक्त्याला गाडी गाठायची असते. म्हणून उत्तर इथे देतो.

तो आलेख १९२७चा. केर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलेला. साथीच्या गणितावर जगात कुठेही पुस्तक निघालं तरी त्याची वंशावळ या लेखापाशी येऊन थांबते, आणि त्यात वानगीदाखल घेतलेली साथ आपल्या मुंबईची आहे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. सूत्रातल्या हायपरबोलिक सेकंटला घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, आठवड्याला ८९० मृत्यूंचं शिखर, आणि दोन्ही बाजूंना सारखा उतार. रेघेखालची बेरीज बारावीचं पोरही करेल. ती येते ८,९००च्या आसपास.

आता छेद. १९०१च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ७,७६,००६ होती. म्हणजे गेले ते शेकडा एक, फार तर सव्वा.

यात बिघडलं काय? मॉडेलच्या आतली गोष्ट बघा. तिथे तीन कप्पे असतात: ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झालाय ते, आणि ज्यांचं होऊन गेलं ते, मग बरे होऊन असो वा स्मशानात. पहिल्या कप्प्यातली माणसं विरळ होत जातात, रोगाला पुढचं गिऱ्हाईक मिळेनासं होतं आणि साथ ओसरते. शेवटच्या माणसापर्यंत जायची रोगाला गरज पडत नाही, हे त्या लेखाचं खरं वैभव. पण शंभरातला एक कमी झाल्यावर गिऱ्हाईक संपलं? सकाळच्या लोकलमधून दादरला एक जण उतरला आणि डबा रिकामा झाला, असं कोणी सांगितलं तर तुम्ही त्याला टाळ्या द्याल का?

वक्त्यांच्या पहिल्या कप्प्यावर ‘मुंबईचे नागरिक’ असं लिहिलं होतं. मूळ लेखात तसं नाही. मूळ लेखात तिथे उंदीर आहेत.

आलेखाखालच्या बारीक टायपात दोघा लेखकांनी सगळं कबूल केलंय. माणसातला प्लेग म्हणजे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब, असं आम्ही धरून चालतो. बेटावरच्या सगळ्या उंदरांना रोग होण्याची शक्यता सारखी, पिसवा मुबलक, आणि रोगाचा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. यातलं काहीही काटेकोरपणे खरं नाही. म्हणून मेळ तंतोतंत बसेल अशी अपेक्षा ठेवू नका आणि सूत्रातल्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका. जगात सर्वांत जास्त वेळा दाखवल्या गेलेल्या आलेखांपैकी हा एक असेल, आणि त्याच्याखाली त्याच्या बापांनी लिहून ठेवलंय की याला फार मनावर घेऊ नका! केर्मॅक हा रसायनशास्त्रज्ञ. १९२४मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याची दृष्टी गेली होती. ज्या रेघेवर सगळे भाळले, ती तिच्या दोन लेखकांपैकी एकाला दिसतच नव्हती. कदाचित म्हणूनच बारीक टाइप इतका प्रामाणिक असेल. पडद्यावर मात्र बारीक टाइप मावत नाही.

मुंबईतला प्लेग १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी ओळखला. त्यानंतर वर्षानुवर्षं तो थंडी सरता सरता चढायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर उतरायचा. गिऱ्हाईक संपून साथ गेली म्हणावं, तर पुढच्या हिवाळ्यात नवं गिऱ्हाईक कुठून आलं? निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने २०१२मध्ये हे प्रकरण पुन्हा उघडलं. ठिपके रेघेवर बसवायचे तर सूत्रात जे आकडे घालावे लागतात, ते प्लेगच्या खऱ्या चालीशी जुळत नाहीत. ऋतू आणि त्याबरोबर पिसवांचं कमीजास्त होणं गणितात घेतलं की दरवर्षीची ये-जा नीट उलगडते. म्हणजे रेघ बरोबर, कारण चूक. परीक्षेत याला आपण ‘उत्तर शेजाऱ्याचं’ म्हणायचो.

माझी आजी सातारकडची. गणिताशी तिचा संबंध दुधाच्या हिशेबापुरता. पण प्लेगचं मॉडेल तिच्याकडे होतं: घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, माळावर झोपड्या घालायच्या आणि गावात परतायची घाई करायची नाही. माणसं मोजत बसायचं नाही, उंदरांकडे बघायचं. छेद कुठला, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती तुलना. मॅकेन्ड्रिकनेच आदल्या वर्षी, १९२६मध्ये, दुसरा एक लेख छापला होता. हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा प्रमुख होता आणि तब्येत बिघडल्यावर एडिंबरोला परतला. या लेखात भारतातल्या एका गावातल्या कॉलऱ्याचं छोटं कोष्टक आहे. ते कोणी पडद्यावर दाखवत नाही, कारण त्यात रेघ नाही. मला विचाराल तर मुंबईच्या आलेखापेक्षा ते दहापट मोलाचं आहे.

गावात घरं २२३. त्यांपैकी १६८ घरांत कॉलऱ्याचा एकही रुग्ण नाही. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, सहा घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण रुग्ण ८६. संपलं कोष्टक.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? ८६ भागिले २२३, घरामागे ०.३९ रुग्ण, आणि खाली ‘गावात कॉलरा तुरळक’ असा शेरा. आता या सरासरीने रोग नशिबाच्या हवाली सोडून बघा. ८६ दाणे २२३ घरांवर डोळे मिटून उधळले तर ५८ घरांत एकच दाणा पडायला हवा. प्रत्यक्षात अशी घरं ३२च. तीन दाण्यांची घरं एखाद-दुसरं निघायला हवं, ती सहा आहेत. दाणे गावभर उधळलेले नाहीत, कुठेतरी एकवटलेत.

मॅकेन्ड्रिकने काय केलं, तर १६८ हा आकडा बाजूला ठेवला आणि उलटा प्रश्न विचारला. एक, दोन, तीन, चार रुग्णांची घरं ज्या प्रमाणात दिसतात, ती तशी दिसायला मुळात किती घरांवर दाणे पडत असले पाहिजेत? उत्तर आलं ९३. ९३ घरं धरून ८६ दाणे उधळा: ३४ घरांत एक, १६ घरांत दोन, पाच घरांत तीन आणि एका घरात चार. खऱ्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. आणि अशा वाटपात या ९३पैकी सुमारे ३७ घरं नुसत्या नशिबाने कोरडी राहतात.

म्हणजे १६८ शून्यांपैकी ३७ शून्यं वाचलेल्यांची, आणि उरलेली १३१ ज्यांच्यापर्यंत रोग पोचलाच नाही त्यांची. कागदावर दोन्ही शून्यं सारखीच गोल. मॅकेन्ड्रिकने अंदाज बांधला: रोग पाण्यातून आला असणार, गावात विहिरी अनेक असणार आणि ही ९३ घरं दूषित झालेल्या एका विहिरीवर पाणी भरत असणार. कोष्टकात विहिरीचा शब्दही नाही. माणूस एडिंबरोत बसलाय, आणि पाच आकड्यांवरून त्याने गावातली विहीर हुडकली! हे खरं मॉडेल. पुढच्या महिन्यात किती मरतील, हे ते सांगत नाही. कुठल्या विहिरीवर पहारा बसवायचा, ते सांगतं.

तर एकाच माणसाच्या हातची ही दोन गणितं. मुंबईत छेद धरून चालायचा होता, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आम्ही धरून चाललोय. गावात छेद शोधायचा होता, तो त्याने शोधून दिला. आपण पहिलं गणित डोक्यावर घेऊन नाचलो.

कोविडमध्ये याची किंमत मोजली. जुलै २०२०मध्ये मुंबईत एफ उत्तर, एम पश्चिम आणि आर उत्तर या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी मिळून केलेली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात विषाणू येऊन गेल्याच्या खुणा होत्या, त्याच वॉर्डांतल्या बिगरझोपडपट्टी वस्तीत १६ टक्के. वॉर्ड तेच, विहिरी दोन. एका विहिरीवर निम्म्याहून जास्त लोक होऊन मोकळे झालेले, आणि दुसऱ्या विहिरीवरची बहुतेक शून्यं न पोचलेली. या दोहोंची सरासरी काढून ‘मुंबईची प्रतिकारशक्ती’ असा एकच आकडा सांगणं म्हणजे एक पाय उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवून ‘सरासरी कोमट’ म्हणणं.

ऑक्टोबर २०२०मध्ये केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने जाहीर केलं की शिखर सप्टेंबरात होऊन गेलं, आणि काळजी घेत राहिलो तर फेब्रुवारी २०२१पर्यंत साथ जवळपास आटपेल. गंमत अशी, की फेब्रुवारीच्या सुरुवातीला रेघ खरोखरच तळाला टेकली होती. ठिपके सूत्रात बसले होते, अगदी मुंबईच्या प्लेगसारखे. त्याच महिन्यात अमरावती-अकोल्याकडे आकडे चढायला लागले, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात देशात एका दिवसात चार लाखांवर रुग्ण नोंदले गेले. विषाणूने रूप बदललं होतं, आणि न पोचलेली शून्यं आपण वाचलेल्यांत धरून बसलो होतो. समितीतली माणसं आपापल्या विषयात मोठी होती. म्हणूनच जास्त लागतं.

‘मग मॉडेल फेकून द्यायची का?’ असं विचारणाऱ्यांचंही मला कौतुक वाटत नाही. मार्च २०२०मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या अहवालाने ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार मृत्यूंचा आकडा दिला. तेवढे मेले नाहीत म्हणून त्याची टिंगल झाली. त्या आकड्याच्या आधी ‘कोणी काहीच केलं नाही तर’ एवढा ‘जर’ होता, तो टिंगल करणाऱ्यांनी वाचला नाही. ब्रेक दाबला म्हणून गाडी दरीत पडली नाही, तर ‘दरी होतीच कुठे’ असं विचारणाऱ्यातला हा प्रकार. भक्त आणि टवाळ, दोघांनाही बारीक टाइप सारखाच नकोसा.

यामागे शाळेतलं गणित आहे, असा माझा जुना संशय. पुरावा विचाराल तर माझ्याकडे नाही, आणि या स्तंभात पुराव्याशिवाय बोलायची मुभा फक्त मलाच आहे. ‘दिलेल्या किमती सूत्रात घाला’ हे आपण दहा वर्षं घोकतो. किमती कोणी दिल्या, कशावरून दिल्या, हे विचारलं की बाई बाकावर उभं करतात. पुढे ही मुलं मोठी होतात, एक्सेलमध्ये ट्रेंडलाइनचं बटण दाबतात आणि बुधवारी वाहिनीवर बसून सांगतात, पंधरवड्यात शिखर. पुढच्या बुधवारी पुन्हा पंधरवड्यात शिखर. इतकी शिखरं तेनझिंगनेही पाहिली नसतील.

पुढची साथ कुठल्या विषाणूची, ते मला ठाऊक नाही. पण पडद्यावर रेघ दिसली की दोन प्रश्न विचारा, एवढी विनंती. छेदात कोण आहे, माणसं की उंदीर? आणि कोष्टकातली शून्यं वाचलेल्यांची की न पोचलेल्यांची?

जाता जाता. आयोजकांनी काल व्हॉट्सॲपवर कळवलं, ‘व्याख्यानाला अभूतपूर्व प्रतिसाद. ९६ टक्के श्रोत्यांना अतिशय आवडलं.’ मी उलट विचारलं, अभिप्रायाचा फॉर्म किती जणांनी भरला होता?

दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर नाही.