देवगिरीचा नरेंद्र कवि

उपवर मुलीच्या हातीं नाथांचें रुक्मिणीस्वयंवर देण्याची चाल आपल्यापैकीं पुष्कळ घरांतून अद्यापि आहे. तें काव्य नाथांनीं १५७१ मध्यें काशीस पुरें केलें. परंतु ज्या दौलताबादेस त्यांनीं जनार्दनस्वामींच्या चरणांशीं विद्या घेतली, त्याच गडाच्या छायेंत त्यापूर्वीं सुमारें पावणेतीनशें वर्षें मराठींत दुसरें एक रुक्मिणीस्वयंवर अवतरलें होतें, हें त्या घरांतून क्वचितच कोणास ठाऊक असतें.

त्याचा कर्ता नरेंद्र. काल १२९२ च्या आसपासचा. दौलताबाद तेव्हां देवगिरि होती व सिंहासनावर रामदेवराव यादव होता. स्मृतिस्थळांतील कथा अशी कीं, सभेंत काव्य ऐकून राजा लुब्ध झाला आणि ओवीगणिक सोन्याचें नाणें देऊं केलें. अट एवढीच कीं, ग्रंथावर नांव राजाचें असावें. नरेंद्रानें तें नाकारलें. आपल्या कविकुळास बोल लागेल, असें त्याचें म्हणणें पडलें. पोथी राजाकडेच राहिली, आणि अठराशें ओव्यांपैकीं नऊशें तेवढ्या रातोरात उतरून घेतां आल्या, असें परंपरा सांगते. आज उपलब्ध आहेत त्या ८७९.

पुढें नरेंद्रानें नागदेवाचार्यांपासून महानुभाव पंथाची दीक्षा घेतली. या पंथाचा आचार म्हणजे एके ठिकाणीं न राहतां फिरणें, विजनांत बसणें आणि भिक्षान्नावर निर्वाह करणें. राजसभेंत बसणारा कवि झोळी घेऊन वाटेस लागला!

येथें वेल्समधील डेव्हिस कवीची आठवण होते. १८७१ चा जन्म, तरुणपण अमेरिकेंत भटकण्यांत व भीक मागण्यांत गेलें. १८९९ मध्यें कानडांत चालत्या आगगाडीवर चढतांना एक पाय गेला. १९०५ मध्यें पदरचे पैसे घालून त्यानें पहिला संग्रह छापविला. बर्नार्ड शॉ यांनीं त्यास उचलून धरिलें आणि १९११ मध्यें सरकारी वेतनही मिळालें. तो रस्त्यावरून मानाकडे आला. आमचा कवि मानाकडून रस्त्याकडे गेला. डेव्हिसला आम्ही उणें लेखीत नाहीं. एका पायानें पोट भरणाऱ्यास वेतन नाकारा असें कोणी सांगावें?

आतां थोडें स्वतःविषयीं. ढोंगी मुलास 'मानभावी' म्हणण्याची खोड आम्हांस वर्गांत होती. तो शब्द याच पंथाच्या नांवावरून निघाला, आणि तो आपण घरोघर किती सहज वापरतों, हें नरेंद्र वाचीपर्यंत मनांत आलें नव्हतें. पंथाच्या पोथ्या शतकानुशतकें सांकेतिक लिपींत झांकून राहिल्या. बाहेरच्यांच्या तिरस्काराचा त्यांत कांहींच वांटा नसेल, असें म्हणवत नाहीं. विरहिणी रुक्मिणीस चांदणें कसें जाळतें तें या कवीनें असें रंगविलें आहे कीं, नैषधावर पोसलेल्या आमच्या मनासही क्षणभर थांबावें लागलें.

गेल्या मार्गशीर्षांत नातीस दोन्ही स्वयंवरें थोडथोडीं वाचून दाखविलीं. तिनें विचारलें, "आजोबा, मग उरलेल्या ओव्या राजाकडेच राहिल्या का हो?"

"राहिल्या खऱ्या," आम्ही म्हणालों. "पण राजाचें नांव त्यांवर लागलें नाहीं."